तीन वह्या भरल्या, तरी धाकधूक जात नाही

पत्र : माझं वय ३१. गेली दोन वर्षं सकाळी उठल्यापासून छातीत धडधड सुरू होते, तसं काही कारण नसतानाही. दर बुधवारी टीमची मीटिंग असते, तिथे माझ्या तोंडून शब्द फुटत नाही. मैत्रीण म्हणाली, रोज डायरी लिही, मन मोकळं होतं, आत्मविश्वास येतो. तीन महिने झाले, रात्री अकरानंतर अंथरुणात बसून रोज चार-पाच पानं लिहिते, मग मागची पानं चाळते. आता एक वाजेपर्यंत झोप लागत नाही. वाचून वाटतं, होते त्याहून जास्त भित्री झाले. सोबत एक पान पाठवते आहे. माझं काही चुकतंय, की डायरी हा प्रकार माझ्यासाठी नाहीच? वही घरात कोणाच्या हाती लागली तर काय, हीही भीती असतेच. आणि या तीन भरलेल्या वह्यांचं काय करू? फाडून टाकू?
— तीन वह्यांची मालकीण

उत्तर : चूक आहे, पण ती तुमच्या स्वभावात नाही. ती लिहिण्याच्या वेळेत, जागेत आणि वाक्यांच्या घडणीत आहे. तिन्ही गोष्टी या आठवड्यात बदलता येतील.

आधी तुम्ही पाठवलेलं पान बघू. त्यातल्या या आठ ओळी : "उद्या परत मीटिंग. परत तेच होणार. माझ्या तोंडून शब्दच फुटत नाही. सगळ्यांना कळलंय की मला काही येत नाही. मी नेहमी अशीच होते, शाळेतही. माझं काही होऊ शकत नाही. मी नेहमी घाबरणार, नेहमी मागे राहणार. किती लिहिलं तरी तेच."

पेन्सिल घ्या आणि मोजा. 'नेहमी' तीनदा, 'परत' दोनदा, 'तेच' दोनदा. 'कारण' किंवा 'म्हणून' एकदाही नाही. मीटिंग किती वाजता, कोणापुढे, काय बोलायचं होतं, यातलं काहीच नाही. आठपैकी एकही वाक्य असं नाही की जे उद्या दुपारी 'खरं निघालं' किंवा 'खोटं निघालं' म्हणून खोडता येईल. याला रवंथ म्हणतात. तोच घास पुन्हा वर आणून चघळायचा. नुसतं डोक्यात चाललं असतं तर मध्येच फोन वाजून तुटलं तरी असतं. तुम्ही ते रोज तासभर, शांततेत, स्वतःच्या अक्षरात गिरवलंत आणि वर परत वाचलंत. पाढे पाठ करण्याची हीच पद्धत आहे. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात, आणि इथे तर वैऱ्याला रोज कोरी पानं पुरवली जात होती.

मैत्रिणीचं मात्र अगदीच चूक नाही. 'लिहिलं की मोकळं होतं' या समजुतीमागे खरा प्रयोग आहे, फक्त त्याचा अर्धा भाग लोकांच्या लक्षात राहिला. जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील या मानसशास्त्राच्या अभ्यासकांनी १९८६ साली विद्यार्थ्यांना आयुष्यातल्या सर्वांत त्रासदायक प्रसंगाबद्दल लिहायला लावलं. रोज १५ मिनिटं, सलग ४ दिवस, आणि मग थांबायचं. लिहून झाल्या झाल्या त्यांची मनःस्थिती बिघडलेलीच होती. फायदा पुढच्या काही महिन्यांत दिसला, डॉक्टरकडच्या खेपा कमी झाल्या. पुढे २००६ मध्ये अशा १४६ प्रयोगांचा एकत्र हिशोब मांडला गेला, त्यात फायदा खरा पण लहान निघाला. पेनेबेकरच्या नंतरच्या कामातून आणखी एक गोष्ट पुढे आली. ज्यांच्या लिखाणात दिवसागणिक 'कारण', 'म्हणून', 'आता लक्षात येतंय' असे शब्द वाढत गेले, त्यांना जास्त फायदा झाला. जे चारही दिवस तेच आणि तसंच लिहीत राहिले, त्यांना कमी. म्हणजे चार दिवसांचं औषध तुम्ही नव्वद दिवस घेतलंत, आणि तेही झोपायच्या वेळी.

आता नवी वही. साधी, रेघांची, शंभर पानी पुरे. जाड पुठ्ठ्याची, रेशमी खुणेची, पानोपानी सुविचार छापलेली डायरी घेऊ नका. तिच्यात गिचमीड करायला हात धजत नाही, आणि आपल्याला गिचमीडच हवी आहे.

वेळ संध्याकाळची, घरी आल्यावर, झोपायच्या किमान दोन तास आधी. जागा टेबल-खुर्चीची. अंथरुणात वही येणार नाही, हा नियम एकदाही मोडायचा नाही. गादीवर पाठ टेकली की काळजीला सुरुवात, अशी शरीराला सवय लागते आणि तुम्हाला ती तीन महिन्यांत लागलेली दिसते. फोनवर १५ मिनिटांचा गजर लावा. गजर झाला की वाक्य अर्धं असलं तरी पेन खाली. अर्धं वाक्य राहिल्याने काही बिघडत नाही, उलट उद्या सुरुवात सोपी जाते.

दिवसभरात काळजी उगवली तर? तिला दटावू नका आणि तिच्याशी वादही घालू नका. खिशात एक चिठ्ठी ठेवा, तिच्यावर दोनच शब्द लिहा, 'बुधवार मीटिंग', 'आईचा रिपोर्ट', आणि तिला संध्याकाळची वेळ द्या. काळजीला रोज ठरलेली वेळ आणि ठरलेली जागा देण्याची ही पद्धत थॉमस बोर्कोवेक यांनी १९८३ मध्ये तपासून पाहिली होती. तिथे वेळ अर्ध्या तासाची होती, सुरुवातीला तुम्हाला १५ मिनिटं भरपूर झाली. संध्याकाळी चिठ्ठी उघडाल तेव्हा निम्म्या शब्दांवर लिहावंसंच वाटत नाही, असं बऱ्याचदा होतं. ते खोडा, पुढे जा.

आता मुख्य काम. वही उघडली की समोर दोन पानं येतात. डावं पान घटनेच्या आधीचं, उजवं घटनेनंतरचं. आज फक्त डावं भरायचं. उजवं कोरंच सोडायचं, त्याची तारीख यायची असते.

डाव्या पानावर सहा गोष्टी येतात : दिवस-वेळ, समोर काय आहे ते एका ओळीत, भावनेचं नाव आणि ० ते १०० मधला आकडा, शरीरात काय होतंय, मनात घुमणारं वाक्य जसंच्या तसं, आणि अंदाज, म्हणजे नक्की काय होईल, त्याची किती टक्के खात्री आणि ते कधी तपासणार. तुमच्या बुधवारची नोंद अशी दिसू शकेल :

"मंगळवार, संध्या. ६:४०. उद्या ११ वाजता मीटिंग. गेल्या आठवड्याचं काम सांगायचंय. भीती ७०, लाज ४०. पोटात गोळा, तळहात गार. वाक्य : बोलायला लागले की आवाज थरथरेल आणि सगळ्यांना कळेल मला काही येत नाही. अंदाज १ : आवाज थरथरेल, ९०%. अंदाज २ : निदान दोघं एकमेकांकडे बघून हसतील, ६०%. अंदाज ३ : मॅनेजर सगळ्यांसमोर म्हणतील की तयारी नाही, ५०%. तपासणी : उद्या १२:३०."

'सगळ्यांना कळेल मला काही येत नाही' हे वाक्य मनातलं म्हणून लिहिलं, पण अंदाजाच्या रकान्यात घेतलं नाही. दुसऱ्याच्या डोक्यात काय चाललंय ते तपासता येत नाही. म्हणून स्वतःला विचारायचं : त्यांना तसं कळलं, तर मला डोळ्यांनी काय दिसेल, कानांनी काय ऐकू येईल? उत्तर येतं, हसतील, एकमेकांकडे बघतील, अमुक म्हणतील. ते लिहा. कॅमेऱ्यात टिपता येईल तेवढाच अंदाज खरा. या एका वळणाला पहिले आठ-दहा दिवस सर्वांत जास्त वेळ लागतो, आणि लागू द्यावा.

भावनेला नाव देण्यात आळस नको. 'कसंतरी होतंय' हे नाव नाही. भीती, लाज, राग, हेवा, अपराधीपणा, एकटेपणा, थकवा, यातलं नेमकं कोणतं? पुष्कळदा दोन-तीन एकत्र असतात आणि प्रत्येकाचा आकडा वेगळा. मॅथ्यू लीबरमन यांच्या २००७ च्या प्रयोगात चेहऱ्यांवरच्या भावनेला नुसतं शब्दांत नाव द्यायला सांगितलं, तेव्हा मेंदूतल्या अमिग्डाला या धोक्याची घंटा वाजवणाऱ्या भागाची हालचाल कमी झालेली दिसली. आकडा अचूक आहे का, याची चिंता करू नका. ६५ की ७०, यावर पाच मिनिटं घालवायची नाहीत. आकडा उद्याच्या आकड्याशी ताडून बघायला आहे.

मग बुधवारी साडेबाराला उजवं पान :

"बुधवार, १२:३५. बोलले. दोन वाक्यं ठरवली होती, तीन झाली. आवाज पहिल्या वाक्याला थरथरला, तिसऱ्याला नाही. हसलं कोणी नाही. एक जण लॅपटॉपमध्ये डोकं घालून होता. मॅनेजरनी काम कधी संपेल विचारलं, तारीख आठवेना, 'बघून सांगते' म्हटलं. त्यांनी मान हलवली, पुढच्याकडे वळले. भीती बोलायच्या आधी ८०, दहा मिनिटांनी ३०. पुढच्या वेळी : तारीख कागदावर लिहून नेणे."

बघा, पहिला अंदाज खरा निघाला. थरथरला आवाज. काळजी खोटी ठरवणं हा वहीचा हेतू नाहीच, नाहीतर पहिली काळजी खरी ठरली त्या दिवशी तुम्ही वही फेकून द्याल. डाव्या पानावर तुम्ही दोन गोष्टी एकत्र बांधल्या होत्या, आवाज थरथरणं आणि अब्रू जाणं. उजव्या पानावर त्या सुटल्या. आवाज थरथरला आणि मीटिंग पुढे सरकली. असं आठ-दहा वेळा स्वतःच्या अक्षरात दिसलं की मन ते मानायला लागतं. समजुतीच्या गोष्टी ऐकून ते मानत नाही, तुम्हाला घरच्यांनी आजवर शंभरदा सांगितलं असेल की काही होत नाही गं.

उजवं पान पाच-सहा ओळींत संपवायचं. काय दिसलं, काय ऐकलं, आकडे आणि पुढच्या वेळी एक बदल. कोणाच्या भुवया का उंचावल्या, याची चिरफाड तिथे नको. मीटिंगनंतर रात्रभर चालणारं ते पोस्टमार्टम हेच पुढच्या मीटिंगची भीती वाढवतं.

काळज्या किती खऱ्या ठरतात, हे मोजूनही झालं आहे. लुकस लाफ्रेनियर आणि मिशेल न्यूमन यांच्या २०२० च्या अभ्यासात, सतत काळजीचा विकार असलेल्या लोकांनी १० दिवस काळज्या टिपल्या आणि एकूण ३० दिवस त्यांचा निकाल पाहिला. सुमारे ९१ टक्के काळज्या खऱ्या ठरल्या नाहीत. अभ्यासात माणसं फार नव्हती, त्यामुळे तो आकडा भिंतीवर लावू नका. तुमचा आकडा तुमच्या वहीतून काढा. तोच तुमच्या कामाचा.

काही काळज्या मात्र काळज्या नसतात, कामं असतात. रिपोर्ट शुक्रवारपर्यंत द्यायचाय आणि सुरू केलेला नाही, याला भीती ७० लिहून काय उपयोग? अशा वेळी डावं पान न भरता एकच ओळ : पुढचं पाऊल काय, कधी. 'गुरुवार सकाळी १०, पहिले दोन तक्ते.' कामाच्या गोष्टीला भावनेच्या रकान्यात ढकलून तास घालवणं हा लिहिणाऱ्यांचा आवडता आळस आहे, आणि तो आळस वाटत नाही म्हणून जास्त धोक्याचा.

झोपेचं बोलू. रात्री डोकं बंदच होत नसेल तर पलंगाजवळ वही नाही, एक सुटा कागद ठेवा आणि झोपण्याआधी ५ मिनिटं फक्त उद्याच्या कामांची यादी लिहा. मायकेल स्कलिन यांच्या २०१८ च्या प्रयोगात झोपेच्या प्रयोगशाळेत हेच करून पाहिलं. पुढच्या कामांची यादी लिहिणारे, झालेल्या कामांची यादी लिहिणाऱ्यांपेक्षा सरासरी ९ मिनिटं लवकर झोपले. यादी जितकी तपशीलवार, तितकी झोप लवकर. म्हणून 'ऑफिसची कामं' असं मोघम न लिहिता 'सकाळी मेलला उत्तर, मग तक्ता, दुपारी बँकेत फोन' असं लिहा. भावना, आठवणी, मीटिंगची धाकधूक यातलं त्या कागदावर काही येऊ द्यायचं नाही.

आता आत्मविश्वास. इथे एक गैरसमज आधी बाजूला काढू. 'मी आत्मविश्वासू आहे, मी समर्थ आहे' असं रोज पंचवीस वेळा लिहिण्याचा सल्ला तुम्हाला कुठेतरी मिळेलच, मिळालाही असेल. २००९ मध्ये जोआन वुड आणि सहकाऱ्यांनी स्वतःबद्दल आधीच हलकं मत असलेल्या लोकांना अशी स्तुतीची वाक्यं म्हणायला लावली, तर त्यांना बरं वाटायच्या ऐवजी अधिक वाईट वाटलं. साहजिक आहे. वाक्य म्हणता म्हणता मनात शेजारून आवाज येतो, 'कुठे गं?', आणि त्या आवाजाकडे पुरावे जास्त असतात.

त्या आवाजाला पुराव्यांनीच गप्प करता येतं. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बँड्युरा यांनी १९७७ मध्ये मांडलं की 'मला हे जमेल' हा विश्वास चार वाटांनी येतो : स्वतः केलेलं काम, दुसऱ्याला करताना पाहणं, कोणी दिलेला धीर आणि शरीराची अवस्था. त्यात सर्वांत जोरकस पहिली वाट, स्वतः केलेलं काम. डायरीचं काम एवढंच की केलेलं विसरू द्यायचं नाही. भित्र्या मनाची स्मरणशक्ती एकतर्फी असते. शाळेतली फजिती वर्गाच्या खिडकीसकट आठवते आणि गेल्या आठवड्यात सहज दिलेलं उत्तर आठवत नाही.

वहीच्या शेवटच्या पानावर उलट्या बाजूने एक जिना काढा. मीटिंगमध्ये बोलण्याशी संबंधित आठ-दहा गोष्टी, प्रत्येकीसमोर भीतीचा आकडा, कमीपासून जास्तीकडे. नमुना : मीटिंग सुरू व्हायच्या आधी शेजारच्याशी दोन वाक्यं, २०. आधी लिहून नेलेला एक प्रश्न विचारणं, ३५. स्वतःचं काम दोन वाक्यांत, ५०. कोणाच्या म्हणण्याला 'मला पटतं, कारण...' असं जोडणं, ५५. 'मला वेगळं वाटतं' म्हणणं, ७५. सगळ्यात आधी बोलणं, ८५. सुरुवात ३० ते ४० च्या पायरीपासून. त्याखालचं फार सोपं, त्यातून शिकायला मिळत नाही. ७० च्या पुढून सुरुवात केली तर पहिल्याच फटक्यात पळ काढण्याची पाळी येते. एक पायरी निदान तीन-चार वेळा, आणि भीतीचा आधीचा आकडा साधारण निम्म्यावर येईपर्यंत. दर बुधवारीच संधी मिळते असं समजू नका. दोन माणसांची चर्चा, फोनवरचा कॉल, दुकानदाराला विचारलेला प्रश्न हेही जिन्यात बसतं, नाहीतर चार वेळा व्हायला महिना लागेल.

प्रत्येक पायरीला डावं-उजवं पान भरायचंच, त्यात उजव्या पानावर एक जादा ओळ : 'काठी कोणती होती?' काठी म्हणजे भीती कमी वाटावी म्हणून नकळत धरलेला आधार. सगळं वाक्य कागदावरून वाचणं, कॅमेरा बंद ठेवणं, मागच्या खुर्चीत बसणं, पटापट बोलून संपवणं, हातात पाण्याची बाटली घट्ट धरणं. काठीने काम होतं, पण श्रेय काठीला जातं. 'निभावलं, कारण कागद होता.' एवढ्याने विश्वास वाढत नाही. म्हणून तीच पायरी तिसऱ्या-चौथ्या वेळी काठीशिवाय. इथे वाटेल की वर तारीख कागदावर लिहून न्यायला सांगितलं आणि आता कागद नको म्हणतो. फरक आहे. तारीख लिहून नेणं ही तयारी, नजर न उचलता आख्खा परिच्छेद वाचणं ही काठी. ओळखायची खूण सोपी : ती वस्तू घरी राहिली तर काम अडेल, की फक्त भीती वाढेल?

डावं पान फारच घट्ट बसलं, म्हणजे 'मी, मी, मला' मधून बाहेरच पडता येत नाही असं झालं, तर तीच नोंद स्वतःचं नाव घेऊन, 'ती' असं लिहून पाहा. 'ती उद्या बोलणार आहे. तिला वाटतंय की...' ईथन क्रॉस यांच्या प्रयोगांत स्वतःकडे असं थोडं लांबून, नावाने पाहणाऱ्यांची घालमेल कमी झालेली दिसली. लिहायला जरा नाटकी वाटतं. दोन दिवस करून पाहा, नाही जमलं तर सोडा.

आठवड्यातून एकदा, रविवारी म्हणा, २० मिनिटं उजळणी. अट अशी की नोंदी पूर्ण वाचायच्या नाहीत, फक्त डाव्या पानांवरचे अंदाज आणि उजव्या पानांवरचे निकाल. एका कोपऱ्यात चार आकडे मांडा : अंदाज किती, खरे किती, खरे निघाले पण निभावलं असे किती, तपासताच आले नाहीत असे किती. चौथा आकडा पहिल्या दोन आठवड्यांत मोठा असतो. तो मोठा म्हणजे अंदाज अजून 'सगळ्यांना वाटेल' छापाचे आहेत, एवढंच सुधारा. तिसऱ्या आकड्याकडे नीट लक्ष द्या, मीटिंगची भीती तिथेच सुटते. हे सगळं सहा आठवडे. त्याआधी 'फरक पडतोय का' असं रोज विचारत बसू नका, पेरलेलं रोज उकरून बघितल्यासारखं होतं.

कुठे बिघडतं, तेही सांगतो. सर्वांत जास्त वह्या बंद पडतात त्या एक दिवस चुकल्यामुळे. मंगळवारी राहिलं, बुधवारी मंगळवारचं भरून काढायला बसलं, ते जमलं नाही, मग 'माझं काहीच टिकत नाही' ही नवी काळजी. आठवड्यात चार दिवस पुरतात. चुकलेला दिवस कधीही भरून काढायचा नाही, आजची तारीख घालून सुरू करायचं.

दुसरा बिघाड उलटा, आणि तो चांगल्या सवयीच्या वेशात येतो. लिहिल्याशिवाय मीटिंगला जाता येत नाही, एकच नोंद 'नीट जमेपर्यंत' तीनदा लिहिली जाते, गजर झाल्यावर आणखी पाचच मिनिटं हवी वाटतात. म्हणजे वहीच काठी झाली. अशा वेळी मुद्दाम आठवड्यातून एक पायरी काहीही न लिहिता करा आणि फक्त उजवं पान भरा.

तिसरं, जुना मोठा आघात. मीटिंगची भीती लिहिताना खोलवरचं काही वर आलं आणि अंगावर धावून यायला लागलं, तर तिथेच थांबा. पेनेबेकरनी स्वतःच्या पद्धतीला हा नियम जोडून ठेवला आहे : लिहिताना आपला तोल जाईल असं वाटलं तर त्या विषयावर लिहू नये, दुसरं काही लिहावं किंवा उठावं. ते काम एकटीने वहीत करायचं नाही, समोर जाणकार माणूस हवा.

फोनवर लिहिलं तर चालेल का, असं पुढे विचाराल. चालतं. पण अंथरुणात लिहिणं हाच तुमचा प्रश्न आहे आणि फोन अंथरुणात सहज येतो, म्हणून तुम्हाला निदान सहा आठवडे कागदच.

कोणाच्या हाती लागण्याच्या भीतीवर उपाय आहे. कोणी वाचेल या धास्तीने माणूस स्वतःला बरं दिसेल असं लिहितो, आणि मग नोंद कामाची राहत नाही. म्हणून बांधलेल्या वहीऐवजी सुटे कागद क्लिपमध्ये लावा. माणसांना नावांऐवजी एक अक्षर, तेही खऱ्या नावातलं नको. रविवारची उजळणी झाली की चार आकडे एका कार्डावर उतरवा आणि समुपदेशकाला दाखवायचे नसतील तर त्या आठवड्याचे कागद फाडा. त्यांचं काम झालेलं असतं. जिना आणि आकड्यांचं कार्ड कोणी पाहिलंच तर त्यातून फारसं कळणार नाही. घरात विश्वासाचं माणूस असेल तर 'ही वही उघडू नकोस' एवढं सरळ सांगणं कुलपापेक्षा बरं चालतं.

आणि डॉक्टर. तीन महिने एक वाजेपर्यंत झोप नाही, दोन वर्षं सकाळची धडधड, हे वहीवर सोडायचं प्रकरण नाही. वही सुरू करा आणि याच आठवड्यात तपासणीची वेळही घ्या. थायरॉइड वाढलेलं असणं, रक्त कमी असणं, हृदयाच्या ठोक्यांची गडबड, चहा-कॉफीचा अतिरेक, यांनी अगदी अशीच धडधड होते, आणि कितीही लिहिलं तरी ती जात नाही. चिंता मोजायला डॉक्टर 'जीएडी-७' ही प्रश्नावली वापरतात : गेल्या दोन आठवड्यांबद्दल सात प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण २१. बेरीज १० किंवा वर गेली तर पुढे नीट तपासणी करतात. वर सांगितलेली डाव्या-उजव्या पानाची पद्धत मुळात बोधवर्तन उपचारातली, म्हणजे विचार आणि वागणं तपासत बदलण्याच्या सीबीटी या मानसोपचारातली आहे. समुपदेशकाकडे गेलात तर हीच पानं घेऊन जा, पहिल्या दोन भेटींचं काम वाचेल. औषध सुरू असेल तर वही चांगली चाललीय म्हणून ते परस्पर बंद करायचं नाही. आणि कधी जगणंच नको असे विचार आले, तर ते वहीत लिहून ठेवायचे नाहीत. त्याच दिवशी जवळच्या माणसाला सांगायचं आणि डॉक्टरकडे किंवा हेल्पलाइनला फोन करायचा.

राहिल्या त्या तीन वह्या. आज फाडू नका. रागात फाडलं की दोन दिवसांनी 'त्यात काय काय होतं' हे आठवत बसाल. आणि वाचूही नका, एक पानसुद्धा. दोऱ्याने बांधा, वर आजची तारीख घाला आणि सहज हात जाणार नाही अशा उंचीवर ठेवा. सहा आठवडे झाले की दुपारच्या वेळी, पेन्सिल घेऊन, कुठलंही एकच पान उघडा. 'नेहमी', 'परत', 'सगळ्यांना' या शब्दांभोवती गोल करा. मग समासात लिहा, यातला कोणता अंदाज तपासता आला असता. एक पान झालं की बांधा. मग वाटलं तर फाडा, तेव्हा ते रागात होणार नाही.